टिली मावशीला जमेल का? नवशिक्यांसाठी स्वतःचा कर्नल बिल्ड करण्याचा सोपा रस्ता

टर्मिनलवेडा (धागाकर्ता)

भाच्याच्या कॉलेजात ओएसच्या लॅबला असाइनमेंट आलं: लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपाइल करा, त्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची खिडकी) घाला आणि स्क्रीनशॉट जोडा. वर्गातल्या बहुतेकांनी स्क्रीनशॉट एकमेकांकडून घेतला. भाचा मात्र हट्टी. शनिवारी रात्री 'मेक मेन्यूकॉन्फिग' (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) उघडून बसला आणि एकेका पर्यायावर प्रश्नचिन्ह दाबून मदत वाचत सुटला. रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर साहेब नेटवर्किंगच्या पोटात, अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या विभागात. "मामा, हे एएक्स २५ मला लागेल का रे?"

हसू आलं, पण चूक त्याची नव्हती. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत आणि नेटवरचा जवळजवळ प्रत्येक लेख म्हणतो, 'मेन्यूकॉन्फिग उघडा आणि हवे ते पर्याय निवडा.' हवे ते! ज्याने आयुष्यात भाजी केली नाही त्याला 'मीठ-तिखट अंदाजाने' म्हणून सांगावं, तसलाच प्रकार.

माझं मत असं झालंय की कंपाइल करणं अवघड नाहीच, ते मशीन करतं. नवशिक्याचे हाल होतात ते त्याच्या आधी आणि नंतर. आधी त्याला हजार प्रश्न विचारले जातात. नंतर मशीन बूट झालं नाही तर घरी परत कसं यायचं, हे कुणी सांगत नाही. तेवढी दोन टोकं सांभाळली तर मधला वेळ चहा प्यायचा.

भाच्याला लावून दिलेला क्रम लिहितो, डेबियन, उबंटू, मिंट या डिस्ट्रोंसाठी (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांसाठी). आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर रोमनमध्ये टंकायच्या हे सांगायला नको.

सगळ्यात आधी परतीचं तिकीट. उबंटूमध्ये ग्रबचा (मशीन सुरू होताना कर्नल उठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू लपवलेला असतो. 'इटीसी/डीफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये टाइमआउट स्टाइल 'हिडन'ऐवजी 'मेन्यू' करा, टाइमआउट १० सेकंद ठेवा, 'अपडेट-ग्रब' चालवा आणि एकदा रीबूट करून मेन्यू दिसतो का ते डोळ्यांनी बघा. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली जुना कर्नल दिसला की समजा जीव वाचला. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग सामान: बिल्ड-इसेन्शिअल, फ्लेक्स, बायसन, बीसी, आरसिंक, ड्वार्व्ह्ज, डेबहेल्पर, आणि लिबएसएसएल, लिबएल्फ, लिबएनकर्सेस या तिघांची 'डेव्ह' पॅकेजं. सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून. आम्ही ६.१२ घेतला. नोव्हेंबर २०२४ मधला, दीर्घ मुदतीचा.

आता कॉन्फिग. पाटी कोरी घेऊ नका. बूट फोल्डरमध्ये तुमच्या चालू कर्नलची कॉन्फिग फाइल असते, तीच सोर्सच्या फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फिग' नावाने उतरवून घ्या. 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा, म्हणजे नवीन पर्यायांना ठरलेली उत्तरं आपोआप बसतात. त्यानंतर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. ही आज्ञा 'एलएसमॉड'ला विचारते की या घडीला कोणती मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडायचे तुकडे, बहुतेक ड्रायव्हर) लोड आहेत, आणि बाकीची बंद करते. मध्ये काही विचारलंच तर एंटर. स्टीव्हन रॉस्टेड यांनी केलेली ही सोय २.६.३२ पासून, म्हणजे २००९ पासून कर्नलच्या सोर्समध्येच आहे, आणि तरी अजून निम्म्या लेखांत तिचं नाव नसतं.

शेवटी 'लोकलव्हर्जन'मध्ये शेपटी लावा (आपला कर्नल ओळखू यावा म्हणून) आणि 'मेक बिनडेब-पीकेजी'. सोर्सच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये डेब फायली (बसवायची तयार पॅकेजं) येतात. इमेज आणि हेडर्स एवढ्याच बसवा, लिबसी-डेव्हला हात लावू नका. डेबचा फायदा असा की नको झाल्यावर 'अ‍ॅप्ट रिमूव्ह'. 'मेक इन्स्टॉल'ने बसवलेला कर्नल हाताने वेचून काढावा लागतो.

भाच्याच्या चार कोअरच्या लॅपटॉपवर डिस्ट्रोची पूर्ण कॉन्फिग साडेतीन तास चालून डिस्क भरल्यामुळे आडवी झाली होती. या रस्त्याने २५ मिनिटं लागली.

अजून कुठे सोपं करता येईल? अनुभव लिहा.

---

अर्धवटराव

लेख चांगला, पण मूळ प्रश्न राहिला. नवशिक्याने कर्नल बिल्ड करायचाच कशाला?

हा वाद तुमच्या भाच्याइतकाच जुना आहे. जानेवारी २००२ मध्ये प्रोग्रॅमर एरिक रेमंड यांनी कर्नलच्या मेलिंग लिस्टवर 'आंट टिली' नावाचं पात्र आणलं. (आंट म्हणजे मावशी की आत्या हे इंग्रजीत कळत नाही. मी मावशी धरतो.) टिली मावशीला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण तिलाही कर्नल बिल्ड करता आला पाहिजे, असं रेमंड यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी सीएमएल २ नावाची नवी कॉन्फिग पद्धत पायथॉनमध्ये लिहिली होती, आणि सोबत एक ऑटोकॉन्फिगर. मशीनमध्ये कोणतं हार्डवेअर आहे ते त्यानेच हुडकायचं, मावशीने फक्त 'हो' म्हणायचं. अडलं जुन्या आयएसए कार्डांपाशी. ती बिचारी स्वतःहून ओळख देत नाहीत.

लिस्टवरचा सूर साधारण असा होता की मावशीला कर्नल बिल्ड करायची वेळच का यावी? डिस्ट्रोने सगळे ड्रायव्हर मॉड्यूल करून द्यावेत, लागेल ते लोड होईल. सीएमएल २ कर्नलमध्ये गेलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २.५.४५ मध्ये रोमन झिपेल यांचं केकॉन्फिग आलं, तेच आजतागायत चालू आहे. थोडक्यात, मावशी हरली. आणि बरोबर हरली.

---

रूटबाई

अर्धवटराव, गोष्ट खरी, निकाल चुकीचा!

'सगळं मॉड्यूल करून द्या' हे मावशीच्या विरोधकांचं उत्तर होतं ना? आता लोकलमॉडकॉन्फिग काय करतं बघा. डिस्ट्रोने सगळं मॉड्यूल करून दिलंय, चालू कर्नलने तुमचं हार्डवेअर ओळखून हवी ती मॉड्यूल लोड केलीत, आणि ही आज्ञा फक्त ती यादी उतरवून घेते. म्हणजे रेमंड यांना हवा होता तो ऑटोकॉन्फिगर विरोधकांच्याच मार्गाने सात वर्षांनी दारात आला. हार्डवेअर हुडकायची गरजच राहिली नाही, ते आधीच कुणीतरी हुडकून ठेवलेलं. मावशी हरली नाही, मागच्या दाराने घरात शिरली.

आणि 'कशाला' म्हणाल तर: तुमचा लॅपटॉप नव्या कर्नलवर झोपेतून उठत नाही, तुम्ही बग नोंदवता, समोरून उत्तर येतं की मेनलाइनवर (डिस्ट्रोने हात न लावलेल्या मूळ कर्नलवर) तपासून सांगा. तिथे सामान्य वापरणारा गळतो. थॉर्स्टन लीमह्यूस कर्नलमधल्या रिग्रेशनचा (आधी चालणारं नव्या आवृत्तीत मोडलं त्याचा) माग ठेवतात. त्यांनी २०२३ मध्ये कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजातच 'छाटलेला कर्नल झटपट कसा बिल्ड करावा' असं प्रकरण घातलं, तेही लोकलमॉडकॉन्फिगवरच उभं आहे. बग नोंदवणाऱ्याला हे जमलं पाहिजे, म्हणून.

मी एम्बेडेडमध्ये आहे, दिवसाला चार कर्नल बिल्ड होतात. तरी घरच्या मशीनवर मेन्यूकॉन्फिग वरून खाली वाचत बसायची हिंमत मला नाही. स्लॅश दाबायचा, नाव शोधायचं, समोर दिसणारा आकडा दाबला की थेट त्या पर्यायावर. एवढंच वापरते.

---

गोंधळलेली

दादा, मी तिसऱ्या वर्षाला आहे, लातूरला, हॉस्टेलवर. आमचंही हेच असाइनमेंट आहे (सगळ्या महाराष्ट्रात एकच प्रश्नपत्रिका फिरते की काय). तुमच्याप्रमाणे केलं. ग्रबचा मेन्यू दिसला. पण 'मेक' म्हटलं की लगेच थांबतं: सोर्स डिरेक्टरीमध्ये स्पेस किंवा कोलन चालत नाही म्हणे. माझ्या फोल्डरचं नाव 'ओएस लॅब' आहे.

---

टर्मिनलवेडा

मग त्यात स्पेस आहे की! नाव बदल, 'ओएसलॅब' कर. कर्नलची मेकफाइल हे मुद्दाम तपासते, कारण पुढे तासाभराने कुठेतरी भलताच एरर येण्यापेक्षा इथेच थांबलेलं बरं.

---

सह्याद्री_६४

फोल्डरचा विषय निघालाय म्हणून. सोर्स विंडोजच्या डी ड्राइव्हवर उघडू नका! मी जागा वाचवायला तिथे टार उघडला आणि दोन संध्याकाळी घालवल्या. कर्नलमध्ये अशा फायली आहेत ज्यांच्या नावात फक्त मोठ्या-लहान अक्षरांचा फरक आहे. नेटफिल्टरमध्ये 'एक्सटी_डीएससीपी' मोठ्या अक्षरांत वेगळी, लहान अक्षरांत वेगळी. अक्षरभेद न मानणाऱ्या ड्राइव्हवर दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते. डब्ल्यूएसएलवाल्यांनीही (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्यांनी) सी ड्राइव्हच्या माउंटवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवा, वेगही बराच वाढतो.

---

गोंधळलेली

नाव बदललं, चाललं. दहा मिनिटांनी परत थांबलं. 'नो रूल टू मेक टार्गेट' आणि पुढे डेबियन, कॅनॉनिकल, सर्ट्स, पेम असं काहीतरी. ही फाइल मी कुठून आणू?

---

रूटबाई

कुठूनच नको आणूस. ही प्रत्येकाची पहिली ठेच. डिस्ट्रो आपला कर्नल बिल्ड करताना स्वतःची सर्टिफिकेट आत घालते, त्या फाइलचा पत्ता कॉन्फिगमध्ये राहतो. तू कॉन्फिग उतरवलीस, फाइल तुझ्याकडे नाही. सोर्समध्ये 'स्क्रिप्ट्स' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाचीच छोटी स्क्रिप्ट आहे. तिला 'डिसेबल' सांगून दोन नावं दे: सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज. मग पुन्हा ओल्डडेफकॉन्फिग.

आणि तिथेच असताना डिबग इन्फोही काढ. त्याच स्क्रिप्टने 'डिबग_इन्फो_नन' चालू कर आणि आधीचा डिबग_इन्फोचा पर्याय बंद कर. धागाकर्त्यांच्या भाच्याची डिस्क यानेच भरली असणार. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये ते चालू असतं आणि बिल्डचा फोल्डर २० जीबीच्या पुढे सहज जातो.

---

टर्मिनलवेडा

हो, हेच. लेखात घालायचं राहिलं. मूळ धाग्यात भर घालतो.

---

सह्याद्री_६४

या सगळ्याची मिळून एक स्क्रिप्टच करून टाकूया का? एक आज्ञा, शेवटी डेब. नवशिक्याला हे सर्टिफिकेट वगैरे कशाला दाखवायचं?

---

अर्धवटराव

आणि ती स्क्रिप्ट दोन वर्षांनी मोडली की तोच नवशिका तुमच्या दारात. डेबियनचं 'मेक-केपीकेजी' आठवतंय का? एके काळी सगळे तेच वापरायचे. पुढे ते पॅकेजच डेबियनमधून गेलं, लेख मात्र तसेच राहिले. कर्नलच्या स्वतःच्या मेकफाइलमध्ये जे आहे तेवढंच शिकवा. डेब आहे, आरपीएम आहे, ६.११ पासून आर्चवाल्यांसाठी पॅकमनचंही टार्गेट आहे.

---

रूटबाई

इथे मी अर्धवटरावांच्या बाजूने (तारीख नोंदवून ठेवा). स्क्रिप्ट करायचीच तर प्रत्येक पायरी आधी छापणारी आणि एंटरची वाट बघणारी करा. लपवणारी नको. 'हे दोन पर्याय बंद करतेय, कारण ती फाइल तुमच्याकडे नाही' एवढी ओळ वाचली तरी माणूस पुढच्या वेळी स्वतः सावरतो.

---

गोंधळलेली

बिल्ड झालं!! ३८ मिनिटं. डेब बसवल्या. रीबूट केलं तर काळ्या पडद्यावर 'बॅड शिम सिग्नेचर'. मग तुम्ही सांगितलं तसं जुना कर्नल निवडला, परत आले. थोडं रडू आलं होतं, पण परत आले.

---

टर्मिनलवेडा

परत आलीस ना, मग पेपर सुटला. हा सिक्युअर बूटचा पहारेकरी आहे. तू बिल्ड केलेल्या कर्नलवर त्याला ओळखीची सही दिसत नाही. दोन वाटा: स्वतःची किल्ली करून 'एसबीसाइन'ने सही कर आणि 'मॉकयुटिल'ने ती किल्ली नोंदव, किंवा असाइनमेंटपुरतं बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद. पण लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि बिटलॉकर चालू असेल, तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी वहीत उतरवून घे. मोबाइलमध्ये नाही, वहीत.

---

गोंधळलेली

की उतरवली, सिक्युअर बूट बंद केलं, नवा कर्नल उठला! पण आता नेट नाही. हॉस्टेलचं वायफाय नावापुरतं आहे, मी मोबाइल केबलने जोडून टेदरिंग करते. जुन्या कर्नलवर ते चालतं, नव्यावर मोबाइल फक्त चार्ज होतो. हे त्याच्यावरूनच लिहितेय (मोबाइलवरून).

---

रूटबाई

हा लोकलमॉडकॉन्फिगचा खरा काटा, आणि तो धाग्यात मोठ्या अक्षरांत हवा होता. ती आज्ञा विचारते, 'आत्ता काय लोड आहे?' तू ती चालवलीस तेव्हा मोबाइल जोडलेला नव्हता. त्यामुळे टेदरिंगची मॉड्यूल, म्हणजे आरएनडीआयएस_होस्ट, सीडीसी_ईथर, नव्या फोनला सीडीसी_एनसीएम, यांना कात्री लागली.

जुन्या कर्नलवर जा. घरातलं सगळं जोड: मोबाइल टेदरिंगसह, पेनड्राइव्ह (नुसता खुपसून नाही, उघडून), मैत्रिणीची एक्सफॅटची हार्ड डिस्क, हेडफोनचं ब्लूटूथ, प्रोजेक्टरची केबल. डॉकर किंवा व्हीपीएन वापरत असशील तर तेही सुरू कर. मग डिस्ट्रोची मूळ कॉन्फिग पुन्हा उतरवून सगळ्या पायऱ्या परत, सर्टिफिकेट आणि डिबग इन्फोच्या सकट. छाटलेल्यावरच पुन्हा छाटलंस तर गेलेलं परत येत नाही.

घाई नसेल त्यांनी 'मॉडप्रोब्ड-डीबी' बघा. आठवडाभर जे जे लोड होईल ते नोंदवत राहतं आणि ती यादी 'एलएसमॉड' या चलातून लोकलमॉडकॉन्फिगला देता येते.

---

अर्धवटराव

ही छाटणी म्हणजे पाहुणे जेवायला बसलेले असताना पानं मोजण्यासारखी आहे. जो हात धुवायला गेला तो उपाशी.

बाय द वे, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' देवनागरीत वाचताना एखादा मंत्र म्हटल्यासारखं वाटतंय.

---

रूटबाई

आणखी एक. गोंधळलेली, तुला हवाय तो एक सिस्टिम कॉल. त्यासाठी स्वतःचं मशीन पणाला लावायची गरजच नाही. अँड्रिया रिगी यांचं 'व्हर्टमी-एनजी' बघ. सोर्सच्या फोल्डरमध्ये 'व्हीएनजी' आणि त्यापुढे 'बिल्ड' म्हटलं की कमीत कमी कॉन्फिगवर कर्नल तयार, मग नुसतं 'व्हीएनजी' म्हटलं की तो क्यूईएमयूमध्ये (खिडकीत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) काही सेकंदांत उठतो आणि आत तुझीच फाइलसिस्टिम दिसते. ग्रब नाही, सिक्युअर बूट नाही. मोडला तर खिडकी बंद. नवशिक्यांसाठी मी तर हीच पहिली पायरी ठेवीन आणि खऱ्या मशीनवर बसवणं दुसरी.

---

टर्मिनलवेडा

मान्य, अर्धं. कोड तपासायला व्हीएनजीच. पण स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचा कर्नल उठतो तेव्हा भाच्याचा चेहरा मी पाहिलाय. तो क्यूईएमयूच्या खिडकीत आला नसता.

सिस्टिम कॉलबद्दल एक सूचना, कारण यात भाच्याचा अख्खा दिवस गेला. जुन्या लेखांत 'एएसएमलिंकेज लाँग सिस_हॅलो' असं फंक्शन लिहायला सांगतात. ४.१७ पासून ६४ बिट एक्स८६ वर ते लिंक होत नाही. 'सिसकॉल_डिफाइन०' हा मॅक्रो वापरायचा. क्रमांकाची नोंद 'सिसकॉल_६४ डॉट टीबीएल' या तक्त्यात. ६.१२ मध्ये शेवटचा सामायिक क्रमांक ४६२ आहे, एमसीलचा, म्हणून तू ४६३ घे. ५१२ पासूनची रांग एक्स३२ ची आहे, तिच्या खाली लिहून बसू नकोस.

---

गोंधळलेली

झालं सगळं. आधी व्हीएनजीमध्ये तपासलं, दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा चाललं. मग मोबाइल, पेनड्राइव्ह, मैत्रिणीची डिस्क, सगळं जोडून परत छाटणी केली आणि लॅपटॉपवर बसवलं. नेट चालतंय, हे त्याच कर्नलवरून लिहितेय. 'युनेम -आर' म्हणतंय '६.१२.८-टिली'.

आज सबमिशन होतं. सरांनी 'डीमेसेज'मधली (कर्नलच्या संदेशांतली) माझी ओळ पाहिली, मग वर बघून विचारलं, "हे टिली कोण?"

म्हटलं, "सर, मावशी. आत्याही असू शकेल."